ट्रॅक संपतो तिथून पुढे

पुण्यात आमच्या शेजारच्या सोसायटीत रात्रपाळीला एक सुरक्षारक्षक येतात. पन्नाशीचे, मूळचे लातूरकडचे. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमच्याकडचा मोठा रस्ता पार तुंबलेला असतो, तेव्हा ते जुन्या काळ्या सायकलवरून डाव्या कडेनं येताना दिसतात. कॅरिअरला डबा बांधलेला, हँडलला पाण्याची बाटली अडकवलेली, थंडीत कानाला मफलर. मागून येणारी बस हॉर्न देते तेव्हा ते मागे वळून बघत नाहीत, फक्त खांदे थोडे आखडून घेतात. त्या खांदे आखडण्याकडे माझं लक्ष गेलं आणि मग ते रोज दिसायला लागलं. कारण त्यांच्या डाव्या हाताला, जेमतेम चार फुटांवर, लाल पेव्हिंग ब्लॉकचा सायकल ट्रॅक आहे आणि तो रिकामा असतो. एकदा ते गेटपाशी भेटले तेव्हा विचारलंच, "दादा, तुम्ही त्या ट्रॅकवरून का नाही येत? जिवाला एवढा घोर कशाला?" त्यांनी सायकल स्टँडला लावली, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "ताई, त्याच्यावरनं आलं की सारखं उतरावं लागतंय. आन् चौकात तर संपतंयच ते. संपल्यावर जायचं कुठं?"

मला काही उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो ट्रॅक चालत पाहिला. इतकी वर्षं त्याच्या शेजारून जात होते, पण सायकलवाल्याच्या नजरेनं तो कधी पाहिला नव्हता. सुरुवातीलाच तीन खांब रोवलेत, मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून. त्यांच्यामधून हँडल जेमतेम निघतं. डबा, पिशवी अडकवलेली असेल तर उतरून सायकल तिरकी करावी लागते. पुढे विजेची लोखंडी पेटी ट्रॅकच्या बरोबर मध्ये. तिला वळसा घालावा तर झाडाचं आळं. मग बसथांबा. त्याची शेड ट्रॅकवर आणि शेडखाली माणसं, त्यांनी तरी कुठं उभं राहायचं? एका चेंबरभोवतीचे ब्लॉक खचलेत, तिथे पाणी साचून शेवाळ धरलंय. आणि सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट, जी लांबून दिसतच नाही: दर सोसायटीच्या फाटकासमोर ट्रॅक खाली उतरतो आणि फाटक ओलांडून पुन्हा वर चढतो. गाडीला आत-बाहेर करणं सोपं जावं म्हणून. मी वाकून त्या कडेला हात लावून पाहिला. वीतभर नव्हती, पण चार बोटं नक्की होती, आणि कडा धारदार. पुढचं चाक त्यावर आपटलं की तो धक्का मनगटातून खांद्यापर्यंत जातो, डब्यातली आमटी सांडते, आणि पन्नाशीच्या माणसाच्या गुडघ्याला पुन्हा शून्यापासून जोर लावावा लागतो. गाडी दिवसातून दोनदा त्या फाटकातून जाते. सायकलवाला एका फेरीत अशी कितीतरी फाटकं ओलांडतो. तरी उतरायचं सायकलनं.

ट्रॅक सपाट ठेवून गाडीनं चढून-उतरून जावं, असंही करता येतं. जगात अनेक शहरांत तसंच करतात. गाडीचा वेग त्या उंचवट्यावर आपोआप पडतो आणि फाटकातून बाहेर येणाऱ्याला आधी ट्रॅक दिसतो, मग रस्ता. त्याला काही फार खर्च येत नाही. आधी कुणी थांबायचं, हे ड्रॉइंग काढतानाच ठरवावं लागतं, एवढंच.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. आम्ही राहायचो नारायण पेठेत. सकाळी शर्टाच्या बाह्या दुमडून, पँटच्या पायाला उजवीकडे क्लिप लावून ते निघायचे. नव्या पुलावरून शिवाजीनगर, मग वाकडेवाडी, मग खडकी. त्या वेळी या रस्त्यानं जाणाऱ्या सायकलींचा एक लोंढाच असे. शाळेला सुट्टी असताना मी एकदा त्यांच्यासोबत दांडीवर बसून गेले होते. आवाज आठवतो: शेकडो चेनची एकत्र सळसळ, मधूनच घंटी, आणि सगळे एकमेकांशी बोलत चाललेले. पगारवाढ, मुलीचं लग्न, कुणाची बदली, सगळं पायडल मारता मारता. एसटी किंवा ट्रक मागे आला तर तोच दबकून चालायचा. सायकलीच इतक्या असायच्या की रस्ता त्यांचाच होता, वेगळा ट्रॅक कुणाला हवा होता? हँडलजवळ महापालिकेचा बिल्ला असे, सायकलीवरच्या कराचा. दर वर्षी नवा. संध्याकाळी दिवा नसेल तर पोलीस अडवायचा आणि डबलसीट दिसलं तरी अडवायचा. शहर सायकलवाल्याकडून कर घ्यायचं, त्याला नियम लावायचं, म्हणजे तो शहराच्या हिशेबात होता. आज रात्रपाळीला येणाऱ्या माणसाला कुणी अडवत नाही आणि कुणी मोजतही नाही.

पण त्या दिवसांबद्दल लिहिताना मला आईचा चेहराही आठवतो. तिची शाळा पर्वतीच्या पायथ्याशी होती. लेडीज सायकलवर, साडीचा पदर कमरेला खोचून, वह्यांचा गठ्ठा कॅरिअरला बांधून ती जायची. उन्हाळ्यात घरी यायची तेव्हा तिचा ब्लाउज पाठीला चिकटलेला असे आणि ती मोरीत जाऊन आधी पाय धुवायची, मग बोलायची. लुना, ती छोटी मोपेड, बाजारात आली १९७२ मध्ये. आमच्या घरी यायला आणखी बरीच वर्षं लागली. ती आली त्या संध्याकाळी आईनं नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं, आणि वाड्यातल्या सगळ्या बायकांना एक एक चक्कर मारून आणली. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी विसरू शकत नाही. तिच्या पायांना मिळालेला आराम खरा होता. त्यामुळे सायकलींचं शहर मोटारसायकलींचं कसं झालं, याची गोष्ट मला फक्त हळहळ म्हणून सांगता येत नाही. लोकांनी सायकल सोडली तेव्हा त्यांना काहीतरी मिळत होतं. प्रश्न एवढाच आहे की ज्यांना ते मिळालं नाही, ज्यांना लुनाही घेता आली नाही आणि स्कूटरही, त्यांच्या पायांखालचा रस्ता मात्र आपण काढून घेतला. बांधकामावर जाणारी माणसं, पहाटे पेपर टाकणारी मुलं, दुधाच्या पिशव्यांचे क्रेट घेऊन निघालेले, चार घरची कामं करणाऱ्या बायका. पहाटे साडेचारला चौकात उभं राहिलं तर दिसतं की पुण्यात सायकल संपलेली नाही. ती फक्त आपण झोपेत असताना चालते.

म्हणूनच सायकलच्या रस्त्यांचा आराखडा कोणासाठी आखायचा, हे मला महत्त्वाचं वाटतं. रविवारी हेल्मेट घालून खडकवासल्याला जाणारे माझे मित्र आहेत, मला ते आवडतात, त्यांनाही रस्ता हवाच. पण ते कसाही रस्ता शोधून काढतात. नसला तर त्या दिवशी जात नाहीत. रात्री आठला कामावर हजर राहायचं आहे त्याला ती मुभा नाही. त्याच्या मापानं आखलेला रस्ता इतरांनाही पुरतो. उलटं होत नाही.

पुण्यात काही झालंच नाही असं नाही. २००६ च्या अखेरीस कात्रज, स्वारगेट, हडपसर या मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी राखलेली मार्गिका, सुरू झाली तेव्हा तिच्याबरोबर सायकल ट्रॅकही आले. त्याच वर्षी केंद्राचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं, त्यात रस्त्याची जागा वाहनांना नाही तर माणसांना वाटून द्यावी असं लिहिलेलं होतं. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. ८०० किलोमीटरहून अधिक लांबीचं जाळं. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या. कुलूप मोबाइलनं उघडायचं, काम झालं की सायकल रस्त्याकडेला सोडून द्यायची. पोरंपोरी हसत त्या चालवायची. माझ्या मनात तेव्हा मोठी आशा होती. मग त्या सायकली नाल्यात, नदीपात्रात, कुणाच्या जिन्याखाली दिसायला लागल्या आणि एक एक कंपनी निघून गेली. लोकांची बेशिस्त नडली असं सगळे म्हणाले. असेलही. पण सायकल दिली आणि चालवायला सलग रस्ता दिला नाही, तर ती सोसायटीच्या आवारातच फिरत राहणार, हेही तितकंच खरं आहे.

आपल्याकडे ट्रॅक कुठे होतो ते नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. जिथे रस्ता रुंद आहे, काम सोपं आहे, तिथे होतो. रस्ता अरुंद झाला, पूल आला, चौक आला, दुकानांची गर्दी आली, की थांबतो. म्हणजे सायकलवाल्याला त्याची गरज नेमकी जिथे सर्वांत जास्त असते, तिथेच तो नसतो. किलोमीटर मोजले की आकडा वाढलेला दिसतो. पण पाच किलोमीटरच्या वाटेत साडेचार किलोमीटर छान आणि अर्धा किलोमीटर जिवावरचा असेल, तर आई आपल्या मुलीला त्या वाटेनं पाठवत नाही. तिच्या लेखी तो रस्ता साडेचार किलोमीटर नसतो, तो नसतोच. स्पेनमधल्या सेव्हिल शहरानं २००६ नंतर हे ओळखलं. तिथे त्यांनी तुकडे जोडत बसण्यात वर्षं घालवली नाहीत. ऐंशी किलोमीटरच्या आसपासचं मूळ जाळं थोड्या काळात सलग उभं केलं, गाड्या लावायच्या हजारो जागा त्यासाठी काढल्या, आणि रस्त्यावरच्या सायकली काही वर्षांत कित्येक पटींनी वाढल्या. त्या शहरातही उन्हाळा कडक असतो. नेदरलँड्सचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, त्यांच्याकडे पहिल्यापासून होतंच. तसं नाही. तिथेही १९५० आणि १९६० च्या दशकांत मोटारींनी सायकलींना बाजूला सारलं होतं. १९७० च्या दशकात रस्त्यावर मुलं मरायला लागली म्हणून आईबाप रस्त्यावर उतरले, तेलटंचाई आली, आणि मग शहरं पुन्हा आखली गेली. तिथले अभियंते सायकल मार्गाला ज्या कसोट्या लावतात त्यांत पहिली आहे सलगता आणि दुसरी सरळपणा. रक्षकदादांनी घाम पुसता पुसता मला यातली पहिलीच सांगितली होती.

चौकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळं तिथेच अडतं. सरळ रस्त्यावर सायकल आणि बस एकाच दिशेनं जात असतात. चौकात मात्र बस डावीकडे वळते आणि सरळ जाणारी सायकल तिच्या पोटाखाली सापडते. ड्रायव्हरला डावीकडचं चाक आणि त्याजवळचा सायकलवाला दिसत नाही. आपल्याकडे डावीकडचं वळण बहुतेक ठिकाणी सिग्नलविना मोकळं, आणि तो कोपरा इतका गोलाई देऊन कापलेला, की वेग कमी करायची गरजच पडू नये. मी आमच्या चौकात कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या बाकावर बसून हे बघत राहते. शाळकरी मुलगा सायकल हातात धरून उभा असतो. सिग्नल हिरवा होतो, पण डावीकडे वळणारी रांग संपत नाही. तो एक पाऊल टाकतो, मागे घेतो. सिग्नल पुन्हा लाल. शेवटी तो उलट्या बाजूनं, दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जातो आणि कुणीतरी ओरडतं, यांना नियमच नको असतात. कोपरा आवळून घेतला, ट्रॅक त्याच उंचीवर चौकातून पलीकडे नेला, थांबायची रेषा गाड्यांसाठी मागे आणि सायकलींसाठी पुढे आखली, आणि हिरवा दिवा सायकलला काही सेकंद आधी दिला, तर हाच मुलगा सरळ जाईल. यातलं एकही काम उड्डाणपुलाएवढं अवघड नाही.

पेठांमधल्या एकेरी रस्त्यांचंही तसंच. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता, इकडे जंगली महाराज आणि फर्ग्युसन रस्ता. मोटारीला वळसा म्हणजे दोन मिनिटं जास्त. सायकलला वळसा म्हणजे पायांचे श्रम, म्हणून लोक उलट येतात आणि दंडाला पात्र होतात. बेल्जियममध्ये, नेदरलँड्समध्ये एकेरीच्या पाटीखाली सायकल वगळून अशी छोटी पाटी सर्रास असते. पेठेतल्या आतल्या गल्ल्यांत, जिथे तसंही कुणी जोरात जाऊ शकत नाही, तिथे हे उद्यासुद्धा करता येईल.

आणि पाण्याच्या वाटा. मुठा नदी शहराच्या मधून जाते, म्हणून प्रत्येक सायकलवाल्याला शेवटी कुठल्या ना कुठल्या पुलावर यावंच लागतं. मोजणी करायची तर पुलांवर करावी. राजाराम पूल, म्हात्रे पूल, लकडी पूल, नवा पूल. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद होतो, तेव्हा ती सगळी रहदारी कुठे वळते तेही पाहावं. दुसरी वाट आहे मुठा उजव्या कालव्याची. धरणापासून सिंहगड रस्त्याच्या कडेनं, पर्वतीच्या पायथ्यानं, स्वारगेटवरून हडपसरकडे. पाणी स्वतःच्या वजनानं वाहावं म्हणून कालवा अगदी मंद उतारावर आखलेला असतो. टेकडी आली तर तो चढत नाही, वळसा घेतो. सायकलला याहून चांगला उतार कुठल्या अभियंत्यानं शोधून द्यायचा? पण मी त्या काठानं चालले आहे. संध्याकाळी सातनंतर काही टप्पे इतके अंधारे आणि निर्मनुष्य होतात की मी तरुण मुलीला तिथून जा म्हणणार नाही. आणि काही टप्प्यांवर लोकांची घरं आहेत, उंबऱ्यासमोर भांडी घासली जातात, पोरं खेळतात. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ कालवा फुटला तेव्हा अशाच घरांत पाणी शिरलं होतं. सायकलच्या नावाखाली ती माणसं उठवली गेली तर तो रस्ता मला नको आहे. दिवे लावा, मध्ये मध्ये बाहेर पडायच्या वाटा ठेवा, आणि तिथल्या लोकांना विचारून आखा. त्यांच्यातलेच बरेच जण सायकल चालवतात.

गेल्या महिन्यात भाची आली होती. ती आनंदनगरला राहते आणि यंदा तिला फर्ग्युसनला प्रवेश मिळालाय. म्हणाली, "मावशी, मी सायकलनं जाणार. आई नको म्हणते. तू सांग तिला." मी लगेच काही सांगितलं नाही. शहराचा मोठा नकाशा जमिनीवर पसरला आणि दोघी पालथ्या पडून पेन्सिल घेऊन बसलो. जिथे ती बिनधास्त जाईल तिथे सलग रेघ, जिथे उतरून चालावं लागेल तिथे तुटक, आणि जिथे जाणारच नाही तिथे काहीच नाही, असं ठरलं. विठ्ठलवाडीपर्यंत आतल्या गल्ल्यांतून सलग रेघ आली. राजाराम पुलाच्या चौकाशी पेन्सिल थांबली. पूल ओलांडून डीपी रस्त्यावर पुन्हा सलग. नळस्टॉपला, मेट्रोचे खांब आणि उड्डाणपुलाखालच्या गर्दीत, पुन्हा कोरी जागा. तिथून पलीकडे प्रभात रस्त्याच्या गल्ल्या, झाडांची सावली, भांडारकर रस्ता, सगळं सलग. गुडलक चौकात परत कोरं. तिनं नकाशा उचलून उजेडात धरला. "म्हणजे मला रस्ता आहेच की. फक्त तीन ठिकाणी नाही." तिची आई दारात उभी होती. ती म्हणाली, "त्या तीन ठिकाणांसाठीच तर मी नको म्हणते आहे."

त्यानंतर आम्ही तिघींनी मिळून कामाला लागायचं ठरवलं. महापालिकेच्या नागरिक सहभागी अंदाजपत्रकात आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. त्यासाठी भाचीनं आमच्या रस्त्यावरच्या फाटकांची यादी केली आहे, प्रत्येकाचा फोटो आणि मोजपट्टी लावून कडेची उंची. सोसायट्यांच्या अध्यक्षांना भेटून ट्रॅक सपाट करायला हरकत नाही असं लिहून घ्यायचं काम बहिणीकडे आहे. दोघांनी सही केली, एकांनी गाड्यांचा बंपर घासेल म्हणून नकार दिला, त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहोत. चौकांचं काम अशा छोट्या यादीत मावणारं नाही, म्हणून त्याचं वेगळं पत्र मी लिहिते आहे. त्यात मागण्या तीनच ठेवल्या आहेत: नळस्टॉपला डावीकडचं मोकळं वळण बंद करावं, राजाराम पुलाच्या दोन्ही टोकांना ट्रॅक त्याच उंचीवर चौकापार न्यावा, आणि गुडलकला सायकलींना हिरवा दिवा आधी मिळावा. पत्राला नकाशाची प्रत जोडणार आहे, तिच्या पेन्सिलच्या रेघांसकट.